न उभारलेल्या वीजगृहाचा हिशेब

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत उभारलेल्या वस्तूंचा हिशेब सांगण्याची आपली जुनी चाल आहे. देऊळ केव्हां बांधलें, शाळेस खोल्या किती झाल्या, विहीर कोणीं खणली, दवाखाना कोणाच्या श्रमानें उभा राहिला, हें सारें आज सकाळपासून आपण ऐकत आहों, व तें ऐकून आपलीं मनें कृतज्ञतेनें भरून आलीं आहेत. मजकडे मात्र संयोजक मंडळींनीं 'आपला जिल्हा व वीज' हा विषय सोंपविला. त्यावर विचार करतां करतां माझें मन एका अशा वीजगृहापाशीं जाऊन थांबलें कीं जें कधीं उभारलेंच गेलें नाहीं. तेव्हां उभारलेल्या वस्तूंच्या या मेळ्यांत एका न उभारलेल्या वस्तूचा हिशेब आपणांपुढें मांडण्याची मी परवानगी मागतों.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत मनोरा बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. शहाणा मनुष्य प्रथम खालीं बसून खर्चाचा अंदाज करतो. काम तडीस नेण्याइतकें आपल्याजवळ आहे कीं नाहीं हें पाहतो. जो पाहत नाहीं त्याला पाया घालून थांबावें लागतें, आणि येणारेजाणारे त्यास हंसतात. प्रभूला तेथें शिष्यत्वाचें मोल शिकवावयाचें होतें, वीजगृहाचें नव्हे, हें मी जाणतों. तथापि हा दाखला गवंड्याच्या व धन्याच्या रोजच्या व्यवहारांतून घेतलेला असल्यामुळें व्यवहारासही तो चांगला लागू पडतो. आजच्या माझ्या बोलण्याचा धागा हाच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. वीज मागणारा मनुष्य लोभी असतो असें मानणाऱ्यांपैकीं मी नाहीं. माझ्या वयाच्या मंडळींस कंदिलाचे दिवस आठवत असतील. सायंकाळीं कांच पुसणें हें घरांतील मुलांचें काम असे, आणि वात जरा वर केली कीं 'रॉकेल संपेल' म्हणून आजीचा आवाज येई. त्या उजेडांत शिकलेल्या मनुष्यानें विजेची निंदा करणें शोभत नाहीं. आणि आजची स्थिति तरी काय आहे? आपल्या जिल्ह्यांत शेतीच्या पंपांस वीज अनेक वर्षें पाळीपाळीनें, पुष्कळदां रात्रींच, मिळत आली आहे. माघाच्या थंडींत मध्यरात्रीं उंसाला पाणी देण्यास बाप निघतो, तेव्हां घरांतील माणसें जागीं राहून त्याच्या विजेरीच्या उजेडाकडे पाहत असतात. अकोलें, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूस उंसांत बिबट्या वावरतो हें आपणांस मीं सांगावयास नको. तेव्हां वीज हवी, ती दिवसां हवी, व गरिबास परवडेल अशी हवी, ही मागणी न्याय्य आहे. प्रश्न एवढाच कीं त्या विजेची किंमत कोण, कोठें व केव्हां देतो.

आपल्या जिल्ह्याचें नांव सन २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. जुन्या संवयीनें माझ्या तोंडून नगर असें आलें तर क्षमा करावी. या आपल्या जिल्ह्यांत विजेचीं जीं ठिकाणें आहेत त्यांत भंडारदऱ्याचें नांव पहिलें घ्यावें लागेल. प्रवरेवरील तें धरण सन १९२६ मध्यें पुरें झालें. त्याच्या पाण्यावर पुढें १२ मेगावॉटचें जलविद्युत्केंद्र झालें. अकोलें तालुक्यांत घाटमाथ्यावर घाटघर येथें २५० मेगावॉटचें केंद्र सन २००८ मध्यें सुरू झालें. तेथें वीज स्वस्त असेल तेव्हां पाणी खालच्या धरणांतून वर चढवितात, व गरज असेल तेव्हां तें खालीं सोडून वीज घेतात. चढविण्यास जेवढी वीज लागते तीहून कांहींशी कमीच परत मिळते. म्हणून हें केंद्र म्हणजे विजेची विहीर नसून विजेचें कोठार आहे. शिवाय, सन १९५० मध्यें प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून आपल्याकडे कारखानदारी वाढली, आणि उंसाच्या चिपाडांवर वीज करण्याची सोयही अलीकडे पुष्कळ कारखान्यांनीं केली. परंतु यानें आपली गरज भागत नाहीं. आपल्या घरांत लागणारा दिवा राज्याच्या सामाईक तारांवर लागतो, आणि त्या तारांत चंद्रपूर, कोराडी, परळी येथील कोळशाची वीज मोठ्या प्रमाणांत मिसळलेली असते. एकट्या चंद्रपुराच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळशाच्या मोठ्या केंद्राचें धुराडें आपल्या जिल्ह्यांत नाहीं. याचा अर्थ असा कीं आपल्या दिव्याची राख दुसऱ्याच्या दारांत पडते. ही गोष्ट ध्यानांत ठेवून आतां मजबरोबर थोडा वेळ कोंकणांत चला.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत देवगड तालुक्यामध्यें, विजयदुर्गाच्या किल्ल्याजवळ, गिर्ये नांवाचें गांव आहे. तांबड्या जांभ्या दगडाची जमीन, तीवर हापूसाचीं कलमें, आणि खालीं समुद्र. अशा त्या मुलखांतील माणसांचें पोट मुख्यत्वें दोन गोष्टींवर चालतें: आंबा व मासळी. सन १९९७ मध्यें सरकारनें सिंधुदुर्ग हा पर्यटनाचा जिल्हा म्हणून जाहीर केला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, सन २००५-०६ च्या सुमारास, केंद्र सरकारनें देशांत प्रत्येकीं सुमारें ४००० मेगावॉटचीं अतिविशाल औष्णिक वीजगृहें उभारण्याची योजना आंखली. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेकडे त्याची सूत्रें दिलीं. प्रत्येक स्थळासाठीं आधीं एक सरकारी कंपनी स्थापावयाची, तिनें जमीन व परवानग्या मिळवावयाच्या, आणि मग जो सर्वांत कमी दरानें वीज देईल त्या उद्योजकाच्या स्वाधीन ती करावयाची, अशी ती रीत होती. महाराष्ट्रासाठीं गिर्ये हें स्थळ पुढें आलें, व कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर या नांवाची कंपनीही स्थापन झाली.

४००० मेगावॉट म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतों. चंद्रपुराचें सारें केंद्र घ्यावें, आणि त्यांत आणखी एक हजार मेगावॉटांची भर घालावी, म्हणजे एवढा आंकडा होतो. अशा केंद्रास परदेशी कोळसा वापरला तरी वर्षाला एक कोटि टनांहून अधिक लागतो. तो जहाजांनीं येणार. म्हणजे धक्का पाहिजे. जळल्यावर राख उरणार. म्हणजे तिच्यासाठीं तळें पाहिजे. वाफेस थंड करण्यास समुद्राचें पाणी घेणार व तें ऊन करून परत सोडणार. म्हणजे ज्या खाडीच्या तोंडाशीं मासळी अंडीं घालते तेथील पाण्याची प्रकृति बदलणार. कोळशांतील गंधकाचा वायु धुराड्यांतून बाहेर पडणार; आणि आंब्याचा मोहोर हा किती नाजूक असतो हें ज्यांच्या घरीं एक झाड आहे तेही जाणतात.

गिर्ये व आसपासच्या गांवांतील बागाइतदार आणि मच्छीमार यांनीं योजनेस विरोध केला, तो या कारणांसाठीं. त्यांच्या मनांत उदाहरण होतें तें डहाणूचें. तेथें चिकूच्या बागांच्या मुलखांत सन १९९५ मध्यें ५०० मेगावॉटचें कोळशाचें केंद्र सुरू झालें. तो तालुका निसर्गदृष्ट्या नाजूक आहे असें केंद्र सरकारनें सन १९९१ मध्येंच जाहीर केलेलें होतें. पुढें निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमण्यांत आलें, आणि त्याच्या सततच्या पाठपुराव्यानें धुरांतील गंधक धुऊन काढणारें यंत्र तेथें बसलें. परंतु तें चालू होण्यास सन २००७ उजाडलें. म्हणजे केंद्र आधीं आणि औषध बारा वर्षांनीं! गिर्येच्या लोकांनीं विचारलें कीं पांचशेंची ही कथा, तर चार हजारांची कशी असेल? हा प्रश्न अडाणी मनुष्याचा नव्हता. मनोरा बांधण्यापूर्वीं खालीं बसून विचारावयाचा जो प्रश्न, तोच हा होता. फरक एवढाच कीं बांधणारा बसला नाहीं, म्हणून शेजाऱ्यांना बसावें लागलें.

पुढें त्याच तालुक्यांतील मुणगें या गांवाचें नांव पर्याय म्हणून पुढें आलें. तेथेंही विरोध झाला. ऑगस्ट २०१० मध्यें केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत नव्या खाणी व औष्णिक केंद्रें यांच्या परवानग्या कांहीं काळ रोखून धरल्या. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या ज्या समितीकडे या दोन जिल्ह्यांचा विचार सोंपविला होता तिचे अध्यक्ष माधव गाडगीळ हे होते. समितीनें आपला अहवाल सन २०११ मध्यें दिला. आपल्या श्रोत्यांस येथें एक गोष्ट आवडेल. प्रवरानगरचा कारखाना उभारतांना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पाठीशीं जे अर्थशास्त्रज्ञ उभे राहिले ते धनंजयराव गाडगीळ, आणि हे माधवराव त्यांचेच चिरंजीव. वडिलांनीं आपल्या जिल्ह्यांत कांहीं तरी उभारण्यास हातभार लावला. मुलानें कोंकणांत काय उभारूं नये याचा विचार सांगितला. दोन्ही कामें लोकहिताचींच होत, असें मला वाटतें.

गिर्येस वीजगृह झालें नाहीं. मुणग्यासही झालें नाहीं. केवळ लोकांच्या विरोधामुळेंच तें थांबलें असें म्हणणें मात्र सत्यास धरून होणार नाहीं. कारण त्याच सुमारास कोळशाच्या बाजारानें असा कांहीं पालट घेतला कीं या योजनेच्या मुळांतील हिशेबच ढासळला. तोही आपण पाहूं.

त्याच योजनेंतील एक केंद्र गुजराथेंत मुंद्रा येथें झालें. डिसेंबर २००६ मध्यें टाटा पॉवर कंपनीनें युनिटला सुमारें २ रुपये २६ पैसे अशा दरानें तें मिळविलें, व सन २०१३ पर्यंत ८०० मेगावॉटचे पांचही संच चालू झाले. महाराष्ट्रासही त्या विजेचा वांटा ठरला होता. कोळसा इंडोनेशियाहून यावयाचा होता. परंतु सप्टेंबर २०१० मध्यें त्या देशाच्या सरकारनें नियम केला कीं आमचा कोळसा जगाच्या बाजारभावाशीं जुळलेल्या दरानेंच विकला जाईल. जुन्या करारांनाही तो लागू झाला. वीज विकण्याचा दर पंचवीस वर्षांसाठीं बहुतांशीं बांधलेला, आणि कोळशाचा दर मोकळा! कंपनी तोट्यांत गेली. दर वाढवून मिळावा म्हणून वाद चालला, आणि एप्रिल २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं परदेशांतील कायदा बदलला एवढ्या कारणानें ग्राहकांवर वाढीव भार टाकतां येणार नाहीं. आंध्रांत कृष्णपट्टणम् येथें दुसऱ्या एका उद्योगसमूहानें घेतलेलें तसेंच केंद्र उभेंच राहिलें नाहीं. आतां मनांत आणा, गिर्येचें वीजगृह उभें राहिलें असतें तर तेंही परदेशी कोळशावरच चालावयाचें होतें. कलमें गेलीं असतीं, खाडी गेली असती, आणि तीं देऊन जी स्वस्त वीज घ्यावयाची होती ती स्वस्त उरली नसती.

असें असलें तरी गिर्येची गोष्ट आपण विजयोत्सवासारखी सांगूं नये. तेथील तरुण आजही कामासाठीं मुंबईची वाट धरतात. वीजगृह झालें असतें तर कांहीं घरांत पगार आला असता. तो आला नाहीं, ही एक खरी बाजू आहे. आणि संकट एकदां टळलें म्हणजे कायमचें टळलें असेंही नसतें. पुढें नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीं जीं गांवें घेण्याचें ठरलें त्यांत गिर्येचें नांव पुन्हां आलें. सन २०१९ मध्यें ती अधिसूचना रद्द झाली. ज्या गांवाला आपल्या भूमीविषयीं बारा-तेरा वर्षांत दोनदां असें जागें राहावें लागतें, त्याची झोंप कशी असेल याचा विचार करा.

आतां कोंकणांतून पुन्हां घाट चढून आपल्या मुलखांत येऊं. कोंकणांत निदान समुद्र आहे. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण पठारावर कोळशाच्या केंद्रास पाणी कोठून मिळणार? केंद्र सरकारनें डिसेंबर २०१५ मध्यें जुन्या केंद्रांसाठीं पाण्याची जी मर्यादा घातली ती दर युनिटास साडेतीन लिटर अशी पडते. एक हजार मेगावॉटचें केंद्र दिवसभर पूर्ण शक्तीनें चाललें तर या मानानें त्यास रोज ८ कोटि ४० लक्ष लिटर पाणी लागेल. खेड्यांतील मनुष्यास दररोज ५५ लिटर मिळावें असें सरकारी परिमाण आहे. त्या हिशेबानें हें पाणी सुमारें पंधरा लक्ष माणसांचें झालें.

याचा अनुभव आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यानें घेतला आहे. परळी वैजनाथचें केंद्र गोदावरीच्या खोऱ्यांतील पाण्यावर, मुख्यतः खडका बंधाऱ्याच्या आधारावर, चालत आलें. सन २०१२ चा पाऊस हुकला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्यें तें ११३० मेगावॉटचें केंद्र पाण्याअभावीं संपूर्ण बंद ठेवावें लागलें. जुलै २०१५ मध्यें पुन्हां तोच प्रसंग आला. यंत्रें होतीं, कामगार होते, पाणी नव्हतें. त्याच वर्षांत भंडारदरा व मुळा या आपल्या धरणांचें पाणी खालीं जायकवाडीस सोडण्यावरून केवढी कटुता झाली, तें येथें बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. सन २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाणी समन्यायानें वांटण्याचें तत्त्व घालून दिलें आहे. खालच्या शेतकऱ्याची तहान आपल्याइतकीच खरी आहे, हें आपण ख्रिस्ती माणसांनीं तरी नाकारूं नये. परंतु ज्या नदीच्या एका घोटासाठीं वरचा भाऊ व खालचा भाऊ भांडतात, तिच्या कांठीं आणखी एक न तृप्त होणारा पाहुणा आणून बसवावयाचा असेल, तर दोन्ही भावांस आधीं विचारलें पाहिजे.

आणि मनोऱ्याचा दाखला पुरा पाहावयाचा असेल त्यानें संगमनेरहून नाशिकच्या वाटेला लागावें. सिन्नर येथें १३५० मेगावॉटचें कोळशाचें केंद्र उभें राहिलें. सन २०१७ पर्यंत त्याचे पांचही संच तयार झाले. नाशिक शहराचें सांडपाणी शुद्ध करून वापरावयाचें, अशी पाण्याची योजनाही तेथें होती, व ती विचारपूर्वक केलेली होती. पण वीज विकत घेण्याचा करार झालेला नव्हता, आणि कोळशाच्या गाड्या आणणारा रेल्वेचा फांटा पुरा झालेला नव्हता. धुराडीं उभीं, यंत्रें उभीं, आणि दिवा नाहीं, अशा स्थितींत पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं. कर्ज देणाऱ्या बँकांना दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें जावें लागलें. शुभवर्तमानांतील मनुष्याला पाया घालून थांबावें लागलें होतें. येथें कळस चढवून थांबावें लागलें. पण मला तेथें हंसूं येत नाहीं. ज्यांनीं जमिनी दिल्या त्यांच्या मुलांचीं वर्षें कोणत्या न्यायाधिकरणापुढें मांडावयाचीं?

कोणी म्हणेल, मग धूर नसलेली वीज घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. तसेंही नाहीं, आणि हें शिकविणारा मनुष्य आपल्याच जिल्ह्यांतला होता. पारनेरास सन १८८० मध्यें जन्मलेले पांडुरंग महादेव बापट यांनीं सन १९२१ मध्यें मुळशीच्या शेतकऱ्यांसाठीं सत्याग्रह उभारला, आणि त्यांतूनच ते सेनापति बापट झाले. मुळशीचें धरण हें पाण्यावर वीज करून मुंबईस देण्यासाठीं होतें. कोळशाच्या धुरानें कोंडलेल्या मुंबईस ती वीज वरदान वाटत होती. त्यांत खोटें कांहींच नव्हतें. परंतु त्या वरदानाची किंमत मावळांतील भातशेतीनें द्यावयाची होती, आणि तिला कोणीं विचारलें नव्हतें. सत्याग्रह सन १९२४ पर्यंत चालला. बापट तुरुंगांत गेले. धरण झालें, व गांवें बुडालीं. मुळशी व गिर्ये या दोन गोष्टी शेजारींशेजारीं ठेवल्या म्हणजे कळतें कीं प्रश्न धुराचाच केवळ नाहीं. ज्याच्याकडून घ्यावयाचें त्याला विचारण्याचा आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, मी आपणांस तीन प्रश्न देऊन जातों. कोणताही मोठा प्रकल्प आपल्या गांवीं येवो, ते आपण ग्रामसभेंत उभे राहून विचारावे. पहिला: यास इंधन व पाणी कोठून येणार, आणि दुष्काळाच्या वर्षीं कोठून येणार? दुसरा: याची राख, याचा धूर व यानें उठविलेलीं माणसें कोणाच्या दारांत जाणार? तिसरा: हिशेब चुकला तर तो कोण भरणार? पहिल्या दोन प्रश्नांस उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. तिसऱ्या प्रश्नापाशीं सभा शांत होते. ती जेथें शांत होते तेथेंच आपण बसून राहिलें पाहिजे.

हे प्रश्न सूर्याच्या विजेसही विचारावे. सन २०१७ मध्यें राज्यानें शेतीच्या पंपांस दिवसां सौर वीज देण्याची जी योजना काढली, तिचा आरंभ आपल्या राळेगण सिद्धीची व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळंबीची निवड करून झाला. रात्रीं उंसांत जाणाऱ्या बापाला दिवसां वीज मिळणें यापरतें चांगलें काय असेल? मीं त्या योजनेचें मनापासून स्वागत केलें आहे. तरी पण पट्ट्या ज्या जमिनीवर मांडावयाच्या ती जर गायरान असेल, तर तेथें कोणाच्या शेळ्या चरत होत्या हें विचारावें; कारण ज्याची सातबाऱ्यावर नोंद नसते त्याचेंही पोट असतें. आपल्यापैकीं पुष्कळांचे वाडवडील असेच नोंद नसलेले होते, हें आज सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं आपण विसरूं नये.

महोत्सव या शब्दावरच शेवट करतों. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे. त्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावयाचा, आणि अडचणींत ज्यानें आपलें वतन गमावलें त्याला तें परत मिळावयाचें. कारण भूमि परमेश्वराची असून आपण तिच्यावर उतरलेले पाहुणे आहों. म्हणजे पवित्र शास्त्राच्या दृष्टीनें महोत्सव हा मिळकत मोजण्याचा दिवस नसून घेतलेलें परत करण्याचा दिवस आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं सन २०१५ मध्यें 'लाउदातो सी' हें परिपत्रक लिहिलें, त्यांत पृथ्वीला आपल्या सर्वांचें सामाईक घर मानून कोळशासारख्या इंधनांपासून हळूहळू दूर जाण्याचा उपदेश त्यांनीं केला. घर सामाईक असेल तर चंद्रपूरची राख ही आपल्याच अंगणांतली राख ठरते.

ती आपण आज परत घेऊं शकत नाहीं. पण तिची आठवण ठेवूं शकतों. उद्यां प्रार्थना आटोपून देवळांतील दिवे मालवितांना, आपण काटकसर करीत आहों असें न समजतां, कोणाची तरी उधारी थोडी फेडीत आहों असें समजावें. आणि ज्या भूमीवर चार हजार मेगावॉटचें वीजगृह व्हावयाचें होतें तेथें पुढच्या माघांत मोहोर येईल, तेव्हां त्या अनोळखी गांवकऱ्यांसाठीं एक प्रार्थना करावी. त्यांनीं मनोरा बांधण्यापूर्वीं हिशेब मागितला. तोच मागण्याचें धैर्य परमेश्वर आपणांसही देवो.